आक्का, तुझ्या गाडीच्या स्प्रिंगा

आक्का,

आज तू मधे बोलायचं नाहीस. जन्मभर मला एक वाक्य सरळ पुरं करू दिलं नाहीस. मी तोंड उघडलं की तुझी उलटतपासणी सुरू. कोर्टातली सवय घरात कशाला, म्हणून मी किती वेळा ओरडलो असेन. आज मी बोलणार आणि वकीलबाई गप्प बसून ऐकणार. जमतंय का बघ.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण मला तेच सांगतो, "बसू, तुझ्यावर लई जीव हुता तिचा." मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, भाऊ दुःखात आहे. दुःख आहेच गं, ते कुठं जातंय. पण मान खाली जाते ती लाजेनं. तुला माझ्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती, दोन शब्द. "चुकलं माझं." वर्षानुवर्षं तू त्या दोन शब्दांची वाट बघितलीस, आणि मी गाडीतला एकूण एक नटबोल्ट बदलला, पण ते शब्द काही तोंडातून काढले नाहीत.

ती तांबडी गाडी तू घेतलीस तेव्हा अख्खं गडहिंग्लज बघायला आलं होतं. सासर तिकडचं, वकिली कोल्हापूरच्या कोर्टात, रोजचं जाणं-येणं. बाकीचे वकील एस.टी.नं यायचे, नाहीतर कुणाच्या तरी जीपमधे दाटीवाटीनं. तू घेतलीस ती अशी गाडी, की तिसऱ्या गिअरात पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. त्या वेळी तसलं इंजिन आपल्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांकडं. दाजी म्हणाले होते, "वकिलाला एवढी पळणारी गाडी कशाला?" तू म्हणालीस, "पक्षकार पळून जात्यात की." दाजी बिचारे शाळेत चित्रकला शिकवणारे, ते काय बोलणार.

तवंदी घाटात तू गाडी घालायचीस तेव्हा मी शेजारी बसून दाराची कडी धरायचो. पांढरी साडी, मागच्या सीटवर काळा कोट, आणि वळणावळणाला गिअर पाडत वर जाणारी माझी आक्का. एस.टी.चे ड्रायव्हर खिडकीतून हात करायचे तुला. तू भर वळणात हात वर करून उत्तर द्यायचीस आणि मी आतल्या आत शंकराचं नाव घ्यायचो. आपण घरात कानडी-मराठी मिसळून बोलणारी माणसं. कोर्टात तू "मी सादर करते" म्हणायचीस, आणि गाडीत बसलीस की "तम्मा, कडी सोड, मी पाडतो का तुला?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी चाळिशीचा झालो, पोरांचा बाप झालो, तरी तू भर गल्लीत तम्मा म्हणूनच हाक मारायचीस.

त्या गल्लीपायीच सगळं झालं.

कोल्हापुरातल्या आमच्या गॅरेजवाल्यांच्या गल्लीत खंडेनवमीला काय असतं ते तुला वेगळं सांगायला नको. पान्यांना हळदकुंकू, जॅकला हार, आणि ज्यानं त्यानं आपण हात लावलेली सगळ्यात देखणी गाडी दारात लावायची. दिवसभर माणसं बघत फिरतात. कुणाच्या दारात गर्दी झाली त्यावर पुढच्या वर्षाची पत ठरते. त्या साली माझ्याकडं लावायला काहीच नव्हतं. एक रंग उडालेली ॲम्बेसिडर आणि एक डिझेल जीप. आणि नेमकी तू सकाळी कोर्टात जाताना गाडी सोडून गेलीस, "तम्मा, तेल बदल आन् पूजाबी कर हिची."

तेल बदललं. मग मी ग्राइंडर काढला.

त्या दिवसांत गाडी खाली बसवायचं खूळ सगळ्या पोरांना लागलं होतं. नवी बुटकी स्प्रिंग मागवायची कुणाची ऐपत नसायची, मग आहे त्या स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकायचा. मी पुढच्या दोन्ही कापल्या, मागच्या जरा जास्तच कापल्या. गाडी रस्त्याला पोट लावून बसली. वर रुंद चपटे टायर चढवले. दुपारपर्यंत माझ्या दारात ही गर्दी! पोरं वाकून वाकून बघत होती, "नाद खुळा, बसूदा!" शेजारचा पांडू मिस्त्री स्वतःच्या दारातली गाडी सोडून माझ्याकडं येऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी आहे असं वाटलं.

संध्याकाळी तू आलीस. गर्दी बाजूला झाली. तू गाडी बघितलीस, मग माझं तोंड बघितलंस. माझ्या तोंडावर काय दिसलं तुला, ते मी आजही विचारतोय. कारण तू मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "लई देखणी केलीस की रं तम्मा!" आणि गाडीत बसून निघालीस. बोळाच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. त्यावर गाडी चढली आणि 'ठाक' असा आवाज झाला. मला ऐकू आला. मी ऐकला नाही असं केलं.

पुढच्या रविवारी तू परत आलीस. गल्लीत कुणी नाही हे बघून म्हणालीस, "तम्मा, गाडी कुणाची हाय?"

"तुझी."

"मग मला इचारलं का न्हाईस?"

"आक्का, अगं सरप्राइज हुतं."

"ते माझ्या मणक्याला मिळालं. निपाणीपर्यंत मणका मोजून झाला माझा."

तेव्हाच म्हणायचं होतं. कुणी नव्हतं ऐकायला, तू पण हसतच होतीस. पण मी काय म्हणालो? "पावरची गाडी अशीच कडक असती. मऊ पाहिजे तर बैलगाडी घे जा."

तू म्हणालीस, "बैलगाडीतबी बूड टेकायच्या आधी पोतं टाकत्यात रं खुळ्या."

आणि पुढच्या खेपेला आलीस ती सीटवर वाकळ घालून. अव्वानं शिवलेली, तिच्याच जुन्या इरकली लुगड्यांची. त्या काळ्या स्पोर्ट्स सीटवर घडी घातलेली वाकळ! माझं डोकं फिरलं. मला म्हाताऱ्या आईच्या हातच्या वाकळेची लाज वाटली, आक्का. तिच्या खाली माझ्या कामाची लाज होती, ती नाही वाटली.

मग मी तुझी गाडी मऊ करायला लागलो. काय काय केलं! टायरातली हवा कमी केली, तर कागलजवळच्या खड्ड्यात रिम वाकली. तेलाचे शॉकअप काढून गॅसचे घातले, गॅसचे काढून परत तेलाचे. रबरी बुश बदलले. चपटे टायर काढून उंच टायर घातले. सीट उसवून आत जाडजूड फोम भरला, तर तुझं डोकं छताला लागायला लागलं. दर वेळी तू चालवून बघायचीस आणि म्हणायचीस, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी." आग कुठं लागलीय ते दोघांनाही माहीत होतं. वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते आणि ताठही होते. बाकी काहीही मऊ करा, धक्का तिथूनच येणार. आणि कापलेली स्प्रिंग जोडता येत नाही, नवीच घालावी लागते. पण नवी घातली की गाडी वर उचलणार. उचलली की गल्लीत सगळे विचारणार, काय रे बसू, उतरवली होतीस ती का उचललीस?

एवढ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं.

आपलं भांडण मात्र चालू राहिलं. मी म्हणायचो, वळणावर गाडी रस्त्याला चिकटते का नाही? तू कबूल करायचीस, "चिकटती. तवंदीत चिकटती." मग एक दम घेऊन, "पण तम्मा, खड्डा आला की चारी चाकं हवेत जात्यात. हवेत चाक कशाला चिकटणार? सपाट रस्ता दाखव, मग तू खरा." मी म्हणायचो, हायवे चौपदरी होतोय, होऊ दे. तू म्हणायचीस, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय तुझा." तो खटला तसाच राहिला. चौपदरी झाला, तरी त्यावर निकाल लागला नाही.

आणि एक गोष्ट राहिली. तो 'ठाक' आवाज. कुठलीही गाडी आली तरी आमच्या स्पीडब्रेकरवर तसा आवाज करत नाही. तो झाला की मी गॅरेजच्या खड्ड्यातून, गाडीखालून कुठूनही ओरडायचो, "चहा टाका, आक्का आली." माझ्याच चुकीचा आवाज, आणि मी त्याची वाट बघायचो.

दर खंडेनवमीला तू न चुकता गाडी घेऊन यायचीस. मी पहिलं काम काय करायचो? वाकळ उचलून आतल्या कपाटावर टाकायचो, लोकांना दिसू नये म्हणून. तू बाकड्यावर बसून बघायचीस. कुणी म्हणालं, "वकीलबाई, गाडी कडक न्हाय का वाटत?" तर म्हणायचीस, "मला कडकच आवडती. भावानं माझ्या मापानं केलीय." संध्याकाळी जाताना स्वतः कपाटावरची वाकळ काढायचीस, झटकायचीस, सीटवर घालायचीस. बोलली असतीस तर मी भांडलो तरी असतो.

आता शेवटचा प्रवास. हे लिहायचं नव्हतं, पण मग कशाला बसलोय लिहायला.

दाजींचा फोन आला तसा मी मोटरसायकलवरून गडहिंग्लजला पोचलो. तू पलंगावर, तोंड पांढरं पडलेलं. कोल्हापूरला हलवायचं ठरलं. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलावतो. तू त्यातही म्हणालीस, "माझी गाडी दारात आसताना? तूच चालव. बघू तरी, कशी केलीयस." मागच्या सीटवर वाकळ अंथरली, तुला झोपवलं, दाजींच्या मांडीवर तुझं डोकं. आणि मी माझ्या हातानं केलेली गाडी चालवायला बसलो.

आक्का, स्प्रिंगा कापल्यापासून मी ती गाडी कागलच्या पलीकडं कधी नेलीच नव्हती. गॅरेजातून काढायची, हायवेला एक चक्कर मारायची, परत. संकेश्वरापर्यंतचा तो रस्ता मी त्या कापलेल्या स्प्रिंगांवर पहिल्यांदा बघितला. बैल चालेल इतक्या हळू चालवत होतो, तरी प्रत्येक खड्ड्याला मागं तुझा श्वास अडकायचा. तू ओरडली नाहीस. नुसता श्वास अडकायचा, आणि मग सुटायचा. आरशात दाजी माझ्याकडं बघत नव्हते. तेव्हा तरी! तेव्हा तरी म्हणायचं होतं. मी काय बोललो माहीत आहे ना?

"रस्ता लई खराब झालाय गं आक्का."

आणि तू डोळे मिटूनच म्हणालीस, "व्हय तम्मा. रस्ताच खराब हाय."

जन्मभर कोर्टात समोरच्याचं खोटं पकडणारी तू, माझं खोटं असं अलगद उचलून घेतलंस. तिथं गाडी थांबवून मी मरून जायला पाहिजे होतं.

तू गेल्यावर मी डॉक्टरांना गाठून विचारलं, गाडीच्या धक्क्यांनी काही झालं का? ते म्हणाले, तसं काही नाही, दुखणं वेगळंच होतं, खूप पुढं गेलेलं होतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन परत तेच विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. बहीण गेली आणि मी स्वतःची सुटका मागत दवाखान्याचे जिने चढत होतो. तुझं बूड, तुझा मणका, तुझी इतकी वर्षं, ती कुठल्या डॉक्टरला विचारू?

परवा खंडेनवमी झाली. मी गॅरेज उघडलं नव्हतं. हत्यारांना नुसतं पाणी लावून आत बसलो होतो. गल्लीत हार, अगरबत्त्या, गर्दी. आणि बोळाच्या तोंडाशी झालं, 'ठाक'.

मी उठलो, आक्का. चहा टाका म्हणायला तोंड उघडलं मी.

गाडीत दाजी होते. दुसऱ्या गिअरच्या पुढं कधी न जाणारा माणूस गडहिंग्लजपासून गाडी घेऊन आला होता. घामानं शर्ट भिजलेला. उतरले आणि म्हणाले, "खंडेनवमीला गाडी तम्माच्या दारात लागलीच पाहिजे, म्हणायची ती. म्हणून आणली." मग डिकी उघडली. स्टेपनीच्या शेजारी एक पोतं होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. मी सोडलं. आत चार स्प्रिंगा. नव्या कोऱ्या, तुझ्या गाडीच्या, पुऱ्या वेढ्यांच्या. गंजू नयेत म्हणून ग्रीस लावलेलं.

"ह्या कधी आणल्या?"

"लई वर्सं झाली. दुसरी का तिसरी खंडेनवमी आसंल. पुण्यासनं मागवल्या तिनं."

"मग बसवल्या का न्हाईत?"

दाजी बाकड्यावर बसले. "मीबी तेच म्हणायचो. गडहिंग्लजात काय मिस्त्री न्हाईत? तर म्हणायची, तम्मानं केलेली गाडी दुसऱ्या मिस्त्रीच्या हातात गेली तर गल्लीत त्याला तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाय. बसवल तर त्योच बसवल. त्यानं नुस्तं एकदा म्हणू दे, आक्का, आण गाडी, चुकलं माझं. मग काढतो भाईर. दर खंडेनवमीला पोतं डिकीत टाकायची आन् निघायची. सांजच्याला परत आणून माळ्यावर ठेवायची."

दर खंडेनवमीला. मी वाकळ लपवत होतो तेव्हा स्प्रिंगा तिथंच, हातभर अंतरावर होत्या. पूजेच्या दिवशी डिकी कोण उघडतंय?

मला तुझा राग आला. खरं सांगतो. तूही काय कमी नाहीस. एक शब्द टाकायला काय जात होतं तुझं? "तम्मा, डिकी उघड." झालं असतं. पण नाही, तम्माच्या तोंडून पाहिजे होतं. आपण दोघं एकाच अव्वाची पोरं. फरक एवढाच, की तुझ्या हट्टाचे धक्के तुलाच बसले, आणि माझ्या हट्टाचेही तुलाच.

मी शटर वर केलं. गाडी आत घेतली. कापलेल्या स्प्रिंगा निघाल्या, टोकाला माझ्या ग्राइंडरच्या खुणा अजून तशाच. नव्या बसवल्या. जॅक खाली घेतला, आणि गाडी बसली नाही, उभी राहिली. कित्येक वर्षांनी तिला तिची उंची मिळाली. बाहेर माणसं जमलीच होती. पांडू मिस्त्री कपाळाला गुलाल लावून आला. "काय रं बसू, गाडी उचललीस व्हय?"

आणि माझ्या तोंडातून आलं, "दाजींना खाली वाकून बसाय जमत न्हाय, म्हणून."

आलं गं. कापलेल्या स्प्रिंगा हातात धरून आलं. दाजींनी ऐकलं. सीटवरची वाकळ काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "आता लागायची न्हाय. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे." आणि गाडी चालू करून निघाले.

मी वाकळ घेऊन सगळ्यांच्या देखत दारात उभा. गाडी बोळाच्या तोंडाला पोचली. माझा कान तिकडं लागलाच, सवयीनं. पुढची चाकं स्पीडब्रेकरवर चढली, उतरली. मागची चढली, उतरली. काही आवाज झाला नाही. गाडी वळून गेलीसुद्धा. आता ती कधी आली तरी मला कळणार नाही.

पांडू अजून शेजारीच होता. पोरं होती, हारवाले होते, अख्खी गल्ली दारात होती. मी वाकळ छातीशी धरली आणि जेवढा आवाज आहे तेवढा काढून ओरडलो, "आक्का, आण गाडी! चुकलं माझं!"